सहा दहाची किंकाळी

लाल प्लास्टिकची टोपी, कोटाच्या बटणाएवढी. नखाने उचकटली की निघते, अंगठ्याने दाबली की बसते.

*

रक्तदाबाची गोळी: पांढरी, गोल, मधोमध रेघ. घेणारे, निवृत्त हेडमास्तर, चौथा मजला.

*

माळ्यावरच्या वस्तू: तारा नसलेली गिटार. डंबेल्सची जोडी, पैकी एक सध्या स्वयंपाकघराच्या दाराला अडसर म्हणून खाली. परकी भाषा तीस दिवसांत शिकवणारं पुस्तक, चौथ्या दिवसापर्यंत खुणा केलेलं. दुर्बीण, जिच्यातून आजवर फक्त समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी पाहिली गेली.

*

१२. ११½. ११. १०½. १०.

*

ठराव सात: तिसऱ्या मजल्यावरून होणारे ओरडणे तात्काळ बंद करण्यात यावे.

ठराव आठ: तिसऱ्या मजल्यावरून होणारे ओरडणे नियमित व वेळेवर करण्यात यावे.

*

लिफ्टची चाचणी रिकामी लिफ्ट वरखाली करून होत नाही. आत पूर्ण वजन ठेवायचं, वर न्यायची, मध्येच थांबवायची, खाली आणायची, आणि मगच सही करायची.

*

हे सगळं एकाच माणसाच्या पाठीवरून वाहून गेलेलं आहे. तो माणूस म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचे लिफ्ट तपासनीस. शहरातल्या चारशे लिफ्टांच्या आत काचेच्या चौकटीत त्यांची सही लटकते आणि लोक तिच्या भरवशावर वर जातात. ते स्वतः मात्र घरी जिन्याने जातात, कारण त्यांच्या इमारतीची लिफ्ट त्यांनीच नापास केलेली आहे. शेजाऱ्यांनी त्यांना हे अजून माफ केलेलं नाही.

तर ऑफिसात एक पत्रक वाटलं गेलं. पत्रकाचं नाव ‘थंड शॉवरचे नऊ फायदे’. रक्ताभिसरण सुधारतं, मरगळ जाते, सर्दीपडसं लांब राहतं, स्नायूंचा शीण उतरतो, त्वचा कोरडी पडत नाही, असे आठ फायदे शरीराचे होते आणि ते वाचून तपासनीसांचं काहीही हललं नाही. नववा मात्र थेट काळजात घुसला. नववा फायदा होता: ‘हाती घेतलेले काम तडीस नेण्याची सवय लागते.’

त्यांनी पत्रक घरी आणलं, चाळीस चौकटींचा एक तक्ता आखून न्हाणीघराच्या दाराला आतून चिकटवला, आणि जेवताना जाहीर केलं की उद्यापासून चाळीस दिवस, रोज सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी, तीन मिनिटं, फक्त थंड पाणी.

बायकोने पोळीचा घास संपवला आणि म्हणाली, “माळ्यावर आता जागा नाही.”

ती औषधांच्या दुकानात काम करते. दिवसभर लोकांना कोणती गोळी जेवणाआधी आणि कोणती नंतर हे सांगून सांगून तिला कमी शब्दांत बोलायची सवय लागली आहे. पण वीस वर्षांच्या संसारात एवढं नेमकं वाक्य तिने क्वचितच टाकलं असेल. तपासनीसांचा हात भातावरच थांबला. गिटार, डंबेल्स, परकी भाषा, दुर्बीण, सगळी प्रेतं एका ओळीत डोळ्यांसमोरून गेली. त्या क्षणी हा प्रश्न पाण्याचा उरला नाही. चाळीस दिवस पुरे करायचे, किंवा उरलेलं आयुष्य या बाईच्या त्या अर्ध्या हसण्याखाली काढायचं, असा तो सरळ मामला झाला.

“मागची बाजू वाचलीत का?” तिने पत्रक उलटून विचारलं.

मागची बाजू छापखान्याच्या पत्त्यासाठी असते, असं त्यांनी तिला समजावून सांगितलं.

पहिल्या दिवशी सकाळी सहा वाजून नऊ मिनिटांनी ते शॉवरखाली उभे राहिले. समोर भिंतीत दोन नळ: एकावर लाल टोपी, एकावर निळी. लाल नळाकडे त्यांनी निरोपाची नजर टाकली. निळा त्यांनी पूर्ण फिरवला. अर्ध्या वजनावर चाचणी घेणारा तपासनीस वेगळा, हे वेगळे.

पुढे जे झालं त्याला पाणी पडलं असं म्हणणं म्हणजे फार सौम्य बोलणं झालं. कोणीतरी त्यांच्या मानेवर एक आख्खा लोखंडी दरवाजा ठेवला. श्वास आत गेला तो बाहेर यायचा रस्ता विसरला. आपल्याला एकूण किती बरगड्या आहेत हे त्यांना आयुष्यात पहिल्यांदा एकेक करून समजलं. आणि मग कुठूनतरी एक भयंकर आवाज आला. बिचारं कोण एवढं ओरडतंय, असं त्यांच्या मनात आलं, आणि ओरडणं संपल्यावर कळलं की तोंड आपलंच उघडं आहे.

इथे इमारतीच्या रचनेबद्दल दोन शब्द सांगणं भाग आहे. सर्व मजल्यांच्या न्हाणीघरांच्या खिडक्या एकाच उभ्या बोळकांडीत उघडतात. त्या बोळकांडीत खाली कोणी चमचा पाडला तर वर हेडमास्तर ‘कोण आहे’ म्हणतात. तपासनीसांची किंकाळी तळमजल्यापर्यंत उतरली, जमिनीवर आपटली, आणि गच्चीपर्यंत चढून गेली. बंद पडलेल्या लिफ्टपेक्षा तिची ये-जा उत्तम होती.

पंधरा मिनिटांत दारात तीन माणसं उभी होती. हेडमास्तरांचा सल्ला असा की पाणी आधी पायांवर घ्यावं, मग गुडघ्यांवर, आणि डोक्यापर्यंत पोहोचायच्या आत नळ बंद करावा. तळमजल्यावरच्या शिवणकामवाल्या ताई म्हणाल्या, अंगात गंजीफ्रॉक ठेवा, थंडी कापडाला लागते आणि माणूस वाचतो. तिसरे सोसायटीचे अध्यक्ष. ते दातांचे डॉक्टर. त्यांनी सल्ला दिला नाही, डोळे मिटून थोडा विचार केला आणि म्हणाले, “मी अक्कलदाढ धरली होती. आमच्याकडे आवाजावरून कळतं.”

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या संध्याकाळी ठराव सात हातात पडला. सोबत पत्र होतं, की सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी तिसऱ्या मजल्यावरून येणारा आवाज मानवी आहे की यांत्रिक याचा लेखी खुलासा करावा. तपासनीसांनी खुलासा केला. ‘आवाज मानवी असून आरोग्याच्या कारणास्तव आहे’, असं एक वाक्य, खाली सही आणि हुद्दा. आयुष्यभर लोकांकडून खुलासे मागवणाऱ्या माणसाला स्वतःचा खुलासा लिहिताना काय वाटतं, हे लिहायला फॉर्मात जागा नव्हती.

चौथ्या दिवशी ते ओरडले, कशीबशी तीन मिनिटं काढली आणि नळ बंद करून प्लास्टिकच्या स्टुलावर बसले. दातांवर दात वाजत होते. ते दीड मिनिट तसेच बसून होते. त्या दीड मिनिटात त्यांनी माळ्यावर तक्त्यापुरती जागा कुठे होईल याचा अंदाज घेतला: दुर्बिणीच्या मागे, उभा केला तर. मग चौथ्या चौकटीत सही केली. उद्या शेवटचं, असं ठरवलं आणि चेहरा करारी करून बाहेर आले. बायको दाराशीच उभी होती. काहीतरी शोधत होती म्हणे.

आणि पाचव्या दिवशी चमत्कार झाला.

निळी टोपी बघून त्यांनी नळ धरला, डोळे गच्च मिटून तो फिरवला, तोंड उघडं ठेवलं, आणि किंकाळी आलीच नाही. पाणी अंगावरून वाहत होतं आणि त्यात दुष्टपणा असा काही नव्हता. खांदे, पाठ, पोट, सगळीकडे त्यांनी चाचपून पाहिलं. ते हादरले. शरीर सरावलं होतं. अवघ्या चार दिवसांत. नऊपैकी एकाही फायद्यात हे लिहिलेलं नव्हतं, म्हणजे हा दहावा.

त्या दिवशी ऑफिसात त्यांनी चहाच्या टेबलावर पाऊण तास भाषण केलं. शरीर म्हणजे काय, संकल्प म्हणजे काय, आणि कोमट पाण्याने अंघोळ करणाऱ्या माणसाचा कणा मऊ का पडतो, असे विषय होते. साहेबसुद्धा दारात थांबून ऐकून गेले.

घरी आले तर जिन्यात लोक. सकाळी किंकाळी न झाल्यामुळे इमारतीचा दिवस बिघडला होता. चार दिवसांत सगळ्यांनी आपापली कामं तिला बांधून टाकली होती. हेडमास्तर त्या आवाजावर गोळी घेत. आज आवाजाची वाट पाहत गोळी हातात धरून ते पावणेसातपर्यंत बसले होते आणि रक्तदाब त्या बसण्यानेच वाढला होता. शिवणकामवाल्या ताईंची सहा सतराची बस चुकली होती.

“मग ठराव सात?” तपासनीसांनी विचारलं.

अध्यक्षांनी अडचण समजावून सांगितली. ठराव सात रद्द करायला दोन तृतीयांश सभासद लागतात आणि तेवढे सभासद लिफ्ट बंद असल्याने वर येत नाहीत. म्हणून तो तसाच ठेवून ठराव आठ करण्यात आला आहे. ओरडणं बंद आहे आणि ते वेळेवर व्हायला हवं.

तेव्हापासून तपासनीस लोकांसाठी ओरडू लागले. अंगावर पाणी सुखाने वाहत असताना भिंतीवरच्या पालीकडे बघत जिवाच्या आकांताने ओरडायचं, ही गोष्ट वाटते तेवढी सोपी नाही. पहिल्या दिवशी अध्यक्ष म्हणाले, आज वरवर झाली, मुळापासून आली नाही. मग त्यांनी सराव केला. सुरुवात खालून, मध्ये एक गचका, शेवट लांबवायचा. विसाव्या दिवसापर्यंत ती इतकी हुबेहूब झाली की ओरडून झाल्यावर त्यांना स्वतःलाच जरा गारठा वाटे. एवढं सगळं करून तीन मिनिटांनी सही करायची. वीस, एकवीस, बावीस. कुठलीच गोष्ट त्यांनी आयुष्यात एवढी लांब नेली नव्हती. बायको आता माळ्याचा विषय काढत नसे. नुसती बघे. तिच्या नजरेत नवऱ्याविषयी काहीतरी नवीन असल्याचं त्यांना जाणवत होतं, आणि ते आदर समजून सुखावत होते.

दरम्यान ती हेडमास्तरांना मात्र रागावली. त्यांनी झोपेची गोळी मनानेच एकदम सोडली होती आणि तीन रात्री छताशी गप्पा मारत काढल्या होत्या. “असं करतात का मास्तर? अर्धी अर्धी कमी करत आणायची. शरीराला कळतासुद्धा कामा नये,” ती म्हणाली. तपासनीस शेजारीच वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी फक्त एवढीच नोंद घेतली की आपल्या शरीराला असल्या नाजूक वागणुकीची गरज पडली नाही.

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर हल्ली पेन्सिलीने बारीक आकडे पडत असत. स्वयंपाकघर आपल्या अखत्यारीत येत नाही, म्हणून त्यांनी चौकशी केली नाही. सव्विसाव्या, सत्ताविसाव्या दिवशी पाणी थोडं बोचरं लागलं. त्याचा ठपका त्यांनी ऋतूवर ठेवला.

मग साहेबांचा निरोप आला. आरोग्य सप्ताह आहे, चाळिसाव्या दिवशी जाहीर प्रात्यक्षिक व्हावं, आम्ही स्वतः येऊ. अध्यक्षांनी इमारतीच्या अंगणात फळा उभा केला, बाग सांभाळणाऱ्या माळ्याकडून लांब पाईप मागवला, आणि पाणी थेट गच्चीवरच्या टाकीतून येईल अशी व्यवस्था केली. रात्रभर उघड्यावर गार पडलेलं पाणी. तपासनीस बेफिकीर होते. उलट, ठरलेल्या वेळी ओरडावं लागेल हेच त्यांना थोडं कमीपणाचं वाटत होतं.

एकोणचाळिसाव्या दिवशी दुपारी प्लंबर आला. शॉवर बंद केल्यावरही थेंब गळत होते, एवढंच काम. त्याने पान्हा लावला, पाईपावर हात फिरवला, आणि सहज म्हणाला, “साहेब, टोप्या कोणी बदलल्या? निळ्याला गीझरची लाइन आहे.”

तपासनीस हसले. तांत्रिक माणसाने तांत्रिक माणसाची चूक समजुतीने घ्यावी, तसे हसले. मग स्वतःच्या हाताने गीझरचं बटण दाबलं, दहा मिनिटं वाट पाहिली, आणि निळा नळ उघडून तळहात पुढे केला.

पाणी गरम होतं.

दोर तुटून लिफ्ट सुटली की आतल्या माणसाला पहिला एक क्षण हलकं हलकं वाटतं, असं त्यांनी प्रशिक्षणात वाचलं होतं. ते खरं आहे. प्लंबर काहीतरी बोलत होता. त्यांना दिसत होती ती भाषणं. मऊ कण्यावरचं, संकल्पावरचं, शरीराच्या दहाव्या फायद्यावरचं. आणि दारावरचा तक्ता.

बायको दुकानातून आली तेव्हा जेवणाच्या टेबलावर दोन टोप्या होत्या, एक लाल, एक निळी. मागे तपासनीस.

“कधीपासून?”

तिने पिशवी खाली ठेवली. “पाचव्या दिवसापासून.”

“का?”

“चौथ्या दिवशी तुम्ही ओरडलात आणि मग आतून दीड मिनिट काहीच आवाज आला नाही. मी दाराला कान लावून उभी होते. हाक मारायची की दार फोडायचं तेच कळेना.” तिचा आवाज नेहमीसारखाच होता, पण पिशवीचा बंद तिने बोटाला गुंडाळून ठेवला होता. “आणि तुम्हाला नको म्हटलं असतं तर तुम्ही माझ्यामुळे सोडलं असतं. मग पुन्हा माळा.”

“मी पस्तीस खोट्या सह्या केल्या,” तपासनीस म्हणाले. “मी. वजन न टाकता.”

“अहो, ऐका तरी पुढचं.”

“पुढचं काही राहिलेलं नाही.”

ते तडक बाहेर पडले. रागाने बाहेर पडणाऱ्या माणसाला लिफ्टचं दार आपटता येतं. इथे ती बंद, आणि बंद कोणी केली तेही माहीत. म्हणून त्यांना अठ्ठेचाळीस पायऱ्या चढून गच्चीवर जावं लागलं. वाटेत हेडमास्तरांनी थांबवून उद्यासाठी शुभेच्छा दिल्या. गच्चीवर ते पाण्याच्या टाकीशेजारी बसले, मग टाकीला हात लावून पाहिला, आणि हात पटकन मागे घेतला.

प्रात्यक्षिक टाळायचा विचार आला नाही असं नाही. पण शेवटी तपासनीस मनातून घट्ट झाले. निदान उद्याची चाचणी तरी खरी होईल. ओरडू, खरंखुरं ओरडू, जमिनीवर कोसळू. साहेबांसमोर, सगळ्यांसमोर कबूल करू. मग गिटार थोडी सरकवू. त्या रात्री नवराबायकोत फक्त ‘मीठ द्या’ एवढंच बोलणं झालं, आणि तेही तिने केलं.

सकाळी सहाला अंगण भरलं होतं. साहेब गळ्याला मफलर गुंडाळून खुर्चीवर बसले होते. हेडमास्तरांनी शाळेतून निघताना चुकून सोबत आलेला तापमापक बादलीत बुडवला आणि फळ्यावर लिहिलं: अकरा अंश. खाली दोन रेघा मारल्या. शिवणकामवाल्या ताई बसच्या तयारीने पर्स खांद्याला लावून उभ्या होत्या. तपासनीस हाफपँट आणि ताईंच्या सल्ल्याप्रमाणे गंजीफ्रॉक घालून मधोमध उभे राहिले. बायको टॉवेल घेऊन कडेला उभी होती. तिच्या चेहऱ्यावर काळजीचा मागमूस नव्हता. याचा त्यांना फार राग आला.

अध्यक्षांनी घड्याळ पाहून हात खाली केला. माळ्याने पाईप उचलला.

पाणी मानेवर पडलं. तपासनीसांनी तोंड उघडलं, बरगड्या आवळल्या, आणि त्या लोखंडी दरवाजाची वाट पाहिली.

दरवाजा आला नाही.

पाणी थंड होतं. चांगलंच थंड होतं. पहिला श्वास आखूड आला, दुसरा त्याहून थोडा लांब, आणि तिसरा नेहमीसारखा. पाठीवरून पाणी उतरत होतं आणि पाठ ते घेत होती. हे असं होणं शक्य नव्हतं. पहिल्या दिवशीच्या पाण्यानेसुद्धा त्यांना एवढा धक्का बसला नव्हता. त्यांनी बायकोकडे पाहिलं. तिने टॉवेलची घडी नीट केली.

सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. हेडमास्तर गोळी तळहातावर घेऊन कान टवकारून उभे. ताईंचा एक पाय फाटकाच्या दिशेने. साहेबांनी भुवई उचलली.

“ओरडा की,” अध्यक्ष दबक्या आवाजात म्हणाले. “वेळ झाली.”

तपासनीसांनी प्रामाणिकपणे प्रयत्न केला. चौतीस दिवसांचा सराव होता. पण उघड्या तोंडातून जे आलं ते एवढंच: “बरं वाटतंय.”

“काय म्हणाले?” साहेबांनी विचारलं.

“बरं वाटतंय म्हणतात,” अध्यक्ष हताशपणे म्हणाले. कोण बोलतंय हे बघायला माळी वळला. माळ्याबरोबर पाईपही वळला.

अध्यक्षांच्या अंगावर इस्त्रीचा सदरा होता आणि त्यावर सोसायटीचा बिल्ला. अकरा अंशांचं पाणी बिल्ल्याच्या बरोबर मध्यभागी बसलं. वीस वर्षं दुसऱ्यांच्या किंकाळ्या ऐकलेल्या माणसाच्या आत एवढी मोठी किंकाळी साठलेली असेल याची कोणालाच कल्पना नव्हती. ती खालून सुरू झाली, मध्ये तिला गचका बसला, आणि ती लांबत लांबत गच्चीपर्यंत गेली. समोरच्या इमारतीत दिवे लागले. हेडमास्तरांनी गोळी गिळली. ताई धावत सुटल्या आणि त्यांना बस मिळाली. साहेबांनी पाण्यात बोट घालून पाहिलं, ते मफलरमध्ये लपवलं, आणि तपासनीसांकडे असं बघत राहिले की जणू ते लिफ्टशिवायच वर गेले आहेत.

तीन मिनिटं पूर्ण होईपर्यंत तपासनीस जागचे हलले नाहीत.

वर घरी आल्यावर ते न्हाणीघराच्या दारासमोर उभे राहिले. चाळिसावी चौकट रिकामी होती. पेन हातात होतं, पण आधीच्या पस्तीस सह्या त्यांच्याकडे बघत होत्या आणि हात वर जाईना. बायकोने त्यांच्या खांद्यांवर टॉवेल टाकला.

“आता तरी ऐकणार का पुढचं?”

“बोल,” तपासनीस म्हणाले.

ती स्वयंपाकघरात गेली आणि भिंतीवरचं कॅलेंडर काढून घेऊन आली; त्याला ते पत्रक टाचलेलं होतं, मागची बाजू वर: ‘पाणी रोज थोडे थोडे गार करत जावे.’ पेन्सिलीचे आकडे बारापासून शून्यापर्यंत ओळीने उतरत गेले होते, रोज अर्ध्या मिनिटाने. त्यांनी ते बोटाने एकेक करून वाचले, एका जागी थांबले, पुन्हा मागे जाऊन मोजले. मग सावकाश वळून सही केली.

एकोणतिसाव्या दिवसापासून गीझर लावलेलाच नव्हता.